एमबीए करून करिअर बदलायचंय? धाराशिवमधून निघण्याआधी हा हिशोब मांडा

खरिपाची पेरणी आणि एमबीएचे प्रवेश, दोन्हींचं टायमिंग दरवर्षी मागेपुढे एकत्रच येतं. घरातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो आणि तेवढ्यात पुण्यातून फोन येतो, "सीईटीचा निकाल लागलाय. कॉलेज मिळेल बहुतेक. नोकरी सोडू का?"

धाराशिव जिल्ह्यातल्या घरांना हा फोन आता नवा राहिलेला नाही. एमबीएच्या राज्य सीईटीला अलीकडच्या वर्षांत दीड लाखांच्या आसपास अर्ज येतात. त्यात नुकती पदवी हातात पडलेली पोरं असतात, तशीच चार-पाच वर्षं नोकरी करून 'आता लाइन बदलायची' असं ठरवलेलीही असतात. चाकणच्या प्लांटमध्ये तीन शिफ्ट करून कंटाळलेला इंजिनिअर, कळंब-उमरग्यात मायक्रोफायनान्सची वसुली करणारा बीकॉम, औषध कंपनीची बॅग घेऊन फिरणारा बीफार्म. आणि ज्यांच्याबद्दल फार कुणी बोलत नाही ते, म्हणजे पुण्यात पाच-सहा वर्षं एमपीएससी करून अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी थांबलेले.

या सगळ्यांना इन्स्टाग्रामवर एकच उत्तर मिळतं: एमबीए करा, पॅकेज डबल. ते उत्तर देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना प्रत्येक ॲडमिशनमागे कमिशन मिळतं, हे तेवढं रीलमध्ये नसतं.

आपण थोडं उलट्या बाजूने बघू. आधी नोकरी, मग पदवी, आणि शेवटी कॉलेज.

कोणत्या बदलाला एमबीए लागतं?

एमबीए म्हणजे व्यवस्थापनाचं शिक्षण, असं आपण म्हणतो. पण करिअर बदलणाऱ्या माणसाला त्यातलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात कामाचं काय मिळतं, तर कॅम्पस. म्हणजे ज्या कंपन्या तुमचा सीव्ही एरवी उघडूनही बघणार नाहीत, त्या एका ठरावीक दिवशी त्या कॉलेजात येतात आणि तुम्हाला समोर बसवतात. मार्केटिंगची पुस्तकं ग्रंथालयात मिळतात, कॉर्पोरेट फायनान्सची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या मात्र तशा मिळत नाहीत. त्यामुळे ज्या कॉलेजात त्या येतच नाहीत, तिथे तुम्ही लाखो रुपये नेमके कशासाठी भरताय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता तुमचा बदल कोणता ते बघा. बँकेच्या वसुलीतून बँकेच्या अधिकारी पदावर जायचं असेल, तर सरकारी बँकांच्या पीओ परीक्षेला फक्त पदवी लागते. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३० वर्षं, ओबीसींना त्यावर तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सूट. बँकेत आधीच असाल तर जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा एमबीएपेक्षा कितीतरी स्वस्तात होतात आणि बँकेच्या आत त्यांना वजन आहे. डेटा ॲनालिसिसकडे वळायचं असेल, तर एक्सेल, एसक्यूएल आणि दाखवता येईल असं काम लागतं. यातल्या कशासाठीही दोन वर्षं घरी बसायची गरज नाही.

एमबीए खरोखर दार उघडतं ते वेगळ्या ठिकाणी. शॉप फ्लोअरवरून सप्लाय चेनच्या नियोजनात जायचंय, एमआर म्हणून फिरण्यापेक्षा ब्रँडचं काम करायचंय, इंजिनिअरिंगमधून फायनान्स किंवा कन्सल्टिंगमध्ये जायचंय. इथे मधल्या दारातून आत घेणारं दुसरं काही सहसा नसतं.

एमपीएससीवाल्यांचा विषय थोडा वेगळा आहे. त्यांच्याकडे पदवी आहे, अभ्यासाची सवय आहे, पण अनुभवाच्या रकान्यात पाच वर्षं मोकळी आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की एमबीए ही गॅप झाकेल. काही प्रमाणात ते खरंही आहे, कारण राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, म्हणजे कॅपमध्ये, मुलाखत नसते. पर्सेंटाइलवर प्रवेश होतो. स्पर्धा परीक्षेच्या माणसाला सीईटी परकीही वाटत नाही: २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा लॉजिकल रीझनिंगचा. सीसॅट ज्याने घासलंय त्याला हे जमतं. पेपर इंग्रजीत असतो, तेवढी तयारी ठेवायची.

पण प्रवेशाला न विचारलेली गॅप प्लेसमेंटला विचारली जाते. समोरचा एचआर "या पाच वर्षांत काय केलं?" हे विचारणारच. त्यामुळे या गटातल्या मुलांनी एमबीएच्या आधी वर्षभर कुठलीही, अगदी पंधरा हजारांची का होईना, नोकरी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं. 'एवढा शिकला आणि पंधरा हजारांवर?' हे ऐकावं लागतं. पण त्या एका वर्षाने सीव्ही बदलतो, आणि आपल्याला नेमकं काय करायचं नाही हेही कळतं.

सोयाबीनमध्ये हप्ता मोजला तर

आता पैशाकडे येऊ. समजा सध्या तुम्हाला महिन्याला २५,००० रुपये मिळतात आणि दोन वर्षांच्या एमबीएला फी, खोली, मेस धरून १० लाख लागणार आहेत. बहुतेक जण खर्च १० लाख धरतात. खरा खर्च १६ लाख आहे, कारण दोन वर्षांत जो ६ लाखांचा पगार येणार होता तो येत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाचं एमबीए नुकत्याच पास झालेल्या पोरापेक्षा महाग पडतं ते असं.

कर्ज १० लाखांचं, व्याज १० टक्के, फेड सात वर्षांत, असं धरू. शिकत असताना व्याज भरत राहिलात तर नंतरचा हप्ता साधारण १६,६०० रुपये बसतो. नाही भरलं आणि शिक्षणाची दोन वर्षं व त्यानंतरचं एक सवलतीचं वर्ष व्याज साचत गेलं, तर मुद्दल साडेबारा लाखांच्या घरात जातं आणि हप्ता २०,७०० च्या पुढे.

म्हणजे वर्षाला जवळपास अडीच लाख. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. हमीभाव मिळाला असं धरलं तरी अडीच लाखांना ४६-४७ क्विंटल लागतात. एकरी सात क्विंटल उतारा पकडला, तर साडेसहा-सात एकरांचं सगळं सोयाबीन, बियाणं-फवारणी-मळणीचा खर्च न काढता, नुसतं हप्त्यात. सात वर्षं. बाजारात भाव हमीभावाखाली असतो तेव्हा काय होतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत परंडा-भूमकडे शेतांचं काय झालं, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

हा हिशोब घाबरवायला मांडलेला नाही. एमबीएनंतर हातात ६०,००० येणार असतील, तर २०,००० चा हप्ता सहज जातो. पण एमबीएनंतर ३०,००० येणार असतील, तर हप्ता देऊन हातात दहा हजार उरतात आणि राहायचं मात्र पुण्यात. आधी २५,००० होते!

अजून एक अडचण खास आपल्याकडची. ठरावीक रकमेच्या वर, साधारणपणे साडेसात लाखांच्या पुढे, बँका शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. इथल्या घराकडे तारण म्हणजे शेती. पण थकीत कर्जाची मालमत्ता ताब्यात घेण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँका या कर्जाला सातबारा सहसा स्वीकारत नाहीत. त्या घर, एनए प्लॉट, मुदत ठेव मागतात. कागदावर दहा एकरांचा मालक असलेला बाप मग बँकेतून रिकाम्या हाताने परत येतो, आणि पुढे एकतर तुकडा विकला जातो किंवा गावातल्याच कुणाकडून टक्क्याने पैसे उचलले जातात. टक्केवारीच्या पैशावर एमबीए करू नये, यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

त्याआधी बघायच्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना ३ टक्के व्याज सवलत आहे. अट एकच, पण मोठी: ही योजना देशातल्या सुरुवातीला निवडलेल्या साधारण ८६० दर्जेदार संस्थांपुरती आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघायचं. तुमचं कॉलेज यादीत नसेल, तर त्यावरूनही त्या कॉलेजबद्दल काहीतरी कळतंच.

फी माफी कुठे चालते आणि कुठे नाही

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. एमबीए त्यात येतं. उत्पन्नाच्या याच मर्यादेत आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. एससी-एसटी विद्यार्थ्यांच्या योजना वेगळ्या आहेत. हे सगळे अर्ज महाडीबीटीवर होतात.

पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की या फी सवलती गेल्या. आणि खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून बाहेर आहेत. इथेच अनेकांची फसगत होते. पुण्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत खासगी विद्यापीठांची संख्या चांगलीच वाढली आहे. नाव ओळखीचं असतं, शिक्षण संस्था जुनी असते, एजंट म्हणतो "शिष्यवृत्ती मिळेल की", आणि प्रवेश झाल्यावर कळतं की हे कॉलेज नाही, विद्यापीठ आहे, आणि योजना इथे लागू नाही. सीईटी सेलच्या कॅप यादीत त्या संस्थेचा कोड आहे का, हे बघितलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असतं. त्यापेक्षा जास्त कुणी मागत असेल तर तिथेच थांबायचं.

मग जायचं कुठे?

वरच्या टोकाला फारसा वाद नाही. आयआयएम अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी २५ लाखांच्या आसपास गेली असली तरी तिथे शिकणाऱ्याला बँका दारात येऊन कर्ज देतात. राज्यात नागपूरचं आयआयएम २०१५ पासून आहे, आणि पवईची जुनी नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. नोकरीची पाच-सहा वर्षं झालेल्यांनी दोन वर्षांऐवजी वर्ष-सव्वा वर्षाचे अभ्यासक्रमही बघावेत. हैदराबाद-मोहालीच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा, बेंगळुरू आयआयएमचा, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा. तिथे अनुभव मोजला जातो आणि वर्गात तुम्ही सगळ्यात वयस्कर नसता. फी मात्र तगडी.

राज्याच्या सीईटीतून सर्वांत जास्त परतावा देणारी कॉलेजं म्हणजे मुंबई विद्यापीठाची १९६५ सालची जमनालाल बजाज संस्था, सिडनहॅमची सिमस्री आणि पुणे विद्यापीठाचा पुंबा. यांची फी आयआयएमच्या पुढे किरकोळ वाटावी अशी आहे आणि नाव देशभर चालतं. त्यामुळे खुल्या प्रवर्गातून पहिल्या दोन ठिकाणी जायला नव्व्याण्णवच्याही वर पर्सेंटाइल लागतं. पण ज्याने पाच वर्षं एमपीएससीला दिली, त्याने एक वर्ष नोकरी सांभाळून सीईटीला द्यायला काय हरकत आहे?

खरा धोका मधल्या पट्ट्यात आहे. पुणे आणि परिसरातली आठ-दहा लाखवाली कॉलेजं, जिथे गेटवर 'सर्वोच्च पॅकेज' लिहिलेला फ्लेक्स असतो. सर्वोच्च पॅकेज एका मुलाला मिळतं. तुम्हाला विचारायचंय ते वेगळं: मधल्या मुलाला किती मिळालं, म्हणजे मीडियन किती? एकूण वर्गातले किती जण प्लेसमेंटला बसले आणि किती जणांना नोकरी लागली? आणि पद कोणतं? 'बिझनेस डेव्हलपमेंट' किंवा 'रिलेशनशिप' या शब्दांखाली अनेकदा खाती उघडणं, विमा विकणं आणि कोर्सेस विकणं असतं. ती नोकरी वाईट नाही, पण कळंबमध्ये बसून तुम्ही तेच करत होतात. मागच्या दोन बॅचमधले चार जण लिंक्डइनवर शोधा आणि त्यांना थेट मेसेज करा. कॉलेजने दिलेले नंबर नकोत, स्वतः शोधलेले हवेत.

जिल्ह्यातच काय आहे

इथे येऊन लोक पान उलटतात, कारण 'गावात राहून कसलं एमबीए' हे आधीच ठरलेलं असतं. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात व्यवस्थापनशास्त्र विभाग आहे. विद्यापीठाची पदवी, पुण्याच्या खोलीभाड्याशिवाय. मोठ्या कंपन्यांचं कॅम्पस तिथे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पण ज्याला नोकरी जिल्ह्यातच करायची आहे, साखर कारखान्यात, पतसंस्थेत, शेतकरी उत्पादक कंपनीत, किंवा घरचं दुकान-गोदाम वाढवायचंय, त्याने दहा लाख पुण्यात का घालावेत?

दुसरी जागा तुळजापूरची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, म्हणजे टिसचं, ग्रामीण परिसर तिथे १९८६ पासून आहे. देशभरातून पोरं ग्रामीण विकास शिकायला तुळजापूरला येतात आणि तुळजापूरची पोरं एमबीएला हिंजवडीकडे जातात, ही गंमतच म्हणायची. तिथलं एमए हे एमबीए नाही. पण कंपन्यांचे सीएसआर विभाग, सामाजिक संस्था, शासनाच्या ग्रामीण योजना यांत जायचं असेल, तर 'टिस' हे नाव मधल्या पट्ट्यातल्या कुठल्याही एमबीएपेक्षा जास्त चालतं. या जिल्ह्यात त्या क्षेत्राला कामाची कमी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत उभं राहिलेलं स्वयं शिक्षण प्रयोगचं महिलांचं काम आज अनेक जिल्ह्यांत पोचलंय, आणि २०१८ पासून आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित यादीत आहे.

बीएस्सी ॲग्रीवाल्यांसाठी तिसरा रस्ता आहे. पुण्याची वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था, हैदराबादची मॅनेज, आणि आणंदची इर्मा, जी २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली. कृषी निविष्ठा, दूध, धान्य, ग्रामीण कर्ज या कंपन्या तिथे येतात. या कंपन्यांना इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा सोयाबीनचा दाणा हातात घेऊन ओलावा सांगणारा माणूस हवा असतो. इथे तुमचा जिल्हा हा तुमचा अनुभव ठरतो.

नोकरी सोडणं ज्यांना परवडतच नाही, त्यांच्यासाठी इग्नूचं एमबीए आहे, पूर्ण कोर्स साठ-सत्तर हजारांत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही पर्याय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातील. म्हणजे 'पदवीधर' नाही तर 'पदव्युत्तर' लिहिलेलं हवंय म्हणून प्रमोशन अडलं असेल, तर हे पुरतं. लाइन बदलायला सहसा पुरत नाही, कारण इथे कॅम्पस नाही. ऑनलाइन प्रवेश घेताना संस्था यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत आहे का ते बघा. आणि 'आयआयएमचा सहा महिन्यांचा कोर्स' म्हणून जे रोज फीडमध्ये येतं, ते प्रमाणपत्र आहे, पदवी नाही. शिकायला चांगलं असेलही, पण त्याने कुणी एमबीए होत नाही.

हे सगळं वाचून पुढच्या सीईटीला बसायचं ठरवलं असेल, तर एक काम आजच करण्यासारखं आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, जे लागू असेल ते, त्या वर्षासाठी चालणारं लागतं. प्रवेशाच्या महिन्यात सेतूत रांगा लागतात आणि तुम्ही पुण्यात शिफ्टवर असता. दाखला वेळेत नसला तर जागा खुल्या प्रवर्गात धरली जाऊ शकते आणि माफ होणारी फी अंगावर येते. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा एक दिवस सुट्टी वाढवून तहसीलची चक्कर तेवढी उरकून या.